एकशेचव्वेचाळीसचं व्होल्टेज

“किती जीबीचा आहे?” बाबांनी विचारलं.

दुकानात शिरून आम्हाला अर्धा मिनिटही झालं नव्हतं. बाबांनी ज्याच्यावर हात ठेवला होता, तो प्रिंटर होता.

“तो प्रिंटर आहे, साहेब,” काउंटरमागून तोडकर म्हणाला. दुकान त्याचंच. “लॅपटॉप इकडं मांडलेत.”

“तेच म्हणतोय मी,” बाबा म्हणाले आणि पुष्कराजकडे वळले. “आता तुम्हीच बघा. आम्हाला यातलं काय कळतंय?”

पुष्कराजने दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले आणि मांडलेल्या लॅपटॉपांवरून, पंगतीवर देखरेख करणाऱ्या यजमानासारखी, एक नजर फिरवली. “बजेट?”

“सत्तरच्या आत बसवायचं.”

“होऊन जाईल,” तो म्हणाला. जणू उरलेले पैसे तोच घालणार होता.

या माणसाला मी त्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिल्यांदा पाहिलं होतं. तो मला बघायला आला होता. बरोबर त्याचे मामा होते, भालूमामा. पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि बारा वाजता आम्ही सगळे त्याच्याच गाडीतून येऊन सांगलीच्या विश्रामबागेतल्या तोडकरच्या दुकानात उभे होतो. मुलगी बघायला आलेल्या माणसाला मुलीच्या भावासाठी लॅपटॉप निवडायला लावणं हे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

कारण आमच्या घरात कुठलीही वस्तू ‘माहितीतल्या माणसा’शिवाय येत नाही. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. आपल्या सहीआधी दुसऱ्या कुणाची तरी सही पाहिजे, ही सवय त्यांना खात्यानेच लावली. फ्रिज आणला तेव्हा वीजमंडळातला वायरमन बरोबर होता. सोफा घेताना शेजारचे सुतारकाका होते. ते पोस्टात होते, पण आडनावाचा काहीतरी उपयोग होईल असं बाबांना वाटलं. या माहितीतल्या माणसांना वस्तूची माहिती असायचीच असं नाही. वस्तू बिघडली की बाबांना त्यांचं नाव घेता यायचं, एवढं पुरायचं. त्यामुळे आयटीतलं स्थळ सांगून आल्यावर मुलीचं लग्न आणि लॅपटॉप ही दोन्ही कामं एका रविवारात उरकतील असा हिशेब बाबांनी केला.

पुष्कराज आयटीत होता हे खरं. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो लोकांच्या रजा मंजूर करायचा. पोह्यांनंतर आम्हा दोघांना गच्चीत ‘मोकळेपणी बोलायला’ पाठवलं, तेव्हा त्यानेच हे सांगितलं. वर म्हणाला, “पण टेक्निकल सगळं कळतं मला.” मी मान हलवली. सत्तावीस वर्षांची मुलगी गच्चीत दुसरं काय हलवणार?

आता खरं काय ते सांगते. सहा-सात वर्षं झाली त्याला, लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. लॅपटॉप माझ्या भावासाठी नव्हता. सौमित्र पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्याकडे बरा चालणारा लॅपटॉप होता. पण त्याच्या नावावर मागितलं की बाबा नाही म्हणत नाहीत, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. मी त्याला फोन करून सांगितलं, त्याने “घे की” म्हणून परवानगी दिली. लॅपटॉप मला हवा होता, आणि गेम खेळायला हवा होता.

मी माधवनगर रोडच्या एका वर्कशॉपात ड्रॉइंगं काढायचे, साखर कारखान्याच्या यंत्रांची. पगार माझ्या खात्यात जमा व्हायचा आणि खात्याचं कार्ड बाबांच्या पाकिटात राहायचं. लग्न होईपर्यंत असंच, हा आमच्याकडचा रिवाज. मला रोज हवे तेवढे पैसे बाबा देत होते, मी मागायचे तेव्हा, कशाला ते सांगितल्यावर. ऑफिसात माझ्या ड्रॉइंगवर साहेबांची सही. घरात बाबांचा शब्द. फक्त संध्याकाळी दोन तास, कानाला हेडफोन लावून, ‘ऑफिसचं काम’ करताना, माझा शब्द शेवटचा असायचा. आमचा पाच जणांचा संघ होता. दोघे नागपूरचे, एक कोचीचा, एक गुवाहाटीचा, आणि मी कप्तान. माझा जुना लॅपटॉप वीस मिनिटांत तापून बंद पडायचा, ऐन मोक्याच्या क्षणी. बारा दिवसांनी एका मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी होती, आणि नागपूरच्या एकाने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं होतं, “मशीन आण, नाहीतर कप्तान बदलू.” त्याचं चुकलंही नव्हतं.

म्हणून त्या दुकानात माझं काय अडकलं होतं ते मला नेमकं माहीत होतं. लग्न त्यात कुठेही नव्हतं.

“हा बघा, सर,” तोडकरने एक चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला. सर म्हणजे पुष्कराज. “वजनाला एक किलो चारशे. सोळा जीबी. प्रोसेसर वरच्या दर्जाचा. ग्राफिक्स कार्डसुद्धा आहे आत. अडुसष्टला लावतो तुम्हाला.”

पुष्कराजने तो दोन बोटांनी उचलून बघितला. “स्लीक आहे,” तो म्हणाला.

“सोळा म्हणजे भरपूर झाले की,” भालूमामा म्हणाले. मामांचा घाऊक मिरचीचा व्यापार होता; वजन आणि आकडा एवढंच ते बघायचे.

“पिशवी देताय का ह्याच्याबरोबर?” आईने विचारलं.

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. दोन महिने मी रोज याच मशीनांची माहिती वाचत होते. त्या चंदेरीत कार्ड होतं, पण त्याला पोटभर वीज द्यायची सोय नव्हती. दिली असती तर एवढ्या पातळ अंगात ती उष्णता मावली नसती. पंखा एकच. पंधरा मिनिटं खेळा, ते धापा टाकायला लागणार. आणि तिकडे कोपऱ्यात, कुणी बघत नाही अशा जागी, मला हवा तो होता. काळा, जाडजूड, प्लॅस्टिकचा. मागे दोन पंखे, कीबोर्डखाली लाल दिवे. जीबी आठच, पण आणखी आठची पट्टी बसवायला जागा रिकामी. त्याच नावाचं कार्ड, पण पूर्ण ताकदीचं. पडदा एकशेचव्वेचाळीस हर्ट्झचा. सदुसष्ट हजार. दिसायला रेड्यासारखा, पण त्या किमतीत सांगलीत त्याच्या तोडीचं दुसरं मशीन नव्हतं.

“बाबा, तो काळा बघूया का?” मी म्हणाले.

“ताई, तो जड आहे. तुम्हाला नाही पेलायचा,” तोडकर म्हणाला. त्याचं बोलणं माझ्याशी, नजर पुष्कराजकडे.

“मंजिरी, तू मध्ये बोलू नको,” बाबा म्हणाले. “ते बघतायत ना?”

ते बघत होते खरे. चंदेरी झाकणात स्वतःचे केस बघत होते.

मी दोन पावलं पुढे सरकले. आवाज जरा खाली आणला, जरा गोडही केला असणार.

“तुम्ही मघाशी गच्चीत म्हणालात ना,” मी पुष्कराजला म्हणाले, “तुमच्या कंपनीत जड कामाला पातळ मशीन देतच नाहीत म्हणून? तापतात म्हणून?”

गच्चीत त्याने मला त्याच्या गाडीचं मायलेज सांगितलं होतं. मशीनबद्दल तो अक्षर बोलला नव्हता. अर्धा क्षण तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखा भाव आला, स्वतःच्याच हुशारीची.

“बरोबर,” तो म्हणाला. “थर्मल इश्यू. काका, पातळ मशीनला हीटिंगचा फार मोठा प्रॉब्लेम. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.”

“बघा!” बाबा तोडकरला म्हणाले. जणू तोडकरने त्यांना फसवायचा घाट घातला होता आणि तो त्यांनी स्वतः हाणून पाडला.

तोडकरने नाइलाजाने काळा लॅपटॉप काउंटरवर आणला. त्याचे लाल दिवे लागले तसे आईने हात जोडल्यासारखे केले.

“पण ह्यात आठच आहेत,” भालूमामा म्हणाले. “निम्मं माप.”

“ते नंतर वाढवता येतं असं काहीतरी तुम्ही सांगत होतात ना?” मी पुष्कराजला म्हणाले. “मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.”

“अगं सोप्पं आहे,” तो म्हणाला. इथे तो ‘तुम्ही’वरून ‘अगं’वर आला. “रॅम म्हणजे काय, तर आपल्या स्वयंपाकघरातला ओटा. ओटा नंतर मोठा करता येतो. कळलं?”

“हो,” मी म्हणाले. “किती छान सांगता हो तुम्ही.”

माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो म्हणतात, हा शिडी न मागता शेंड्यावर जाऊन बसला. पुढची दहा मिनिटं त्याने अकलेचे जे तारे तोडले त्यातले निम्मे मी त्याच्या हातात दिले होते, आणि उरलेले निम्मे त्याचे स्वतःचे होते. दोन पंखे असले की मशीन दुप्पट वेगाने चालतं, हे त्याचं. लाल दिवे डोळ्यांना चांगले, हेही त्याचं. मी सगळ्याला मान डोलावत होते आणि मनातल्या मनात त्याच्या नावाने हसत होते. बाबा तर शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखे ऐकत होते.

मग बाबांना चष्मा सापडला. तो लावून त्यांनी खोक्यावरचं वाचायला सुरुवात केली, आणि थांबले.

“गेमिंग?” ते म्हणाले. “ह्याच्यावर गेमिंग लिहिलंय.”

“गेमिंग सिरीज आहे, साहेब,” तोडकर म्हणाला. त्याला तो चंदेरीच खपवायचा होता. “मी म्हणत होतो तुम्हाला.”

“गेम? पोराला शिकायला पाठवलंय मी. गेमचा नको. ठेवा तो आत.”

बाबांचं ‘नको’ एकदा पक्कं झालं की ते पुन्हा उघडत नाही. तोडकरने झाकणावर हात ठेवलाही. मी पुष्कराजकडे बघितलं, आणि आयुष्यात कुणाकडे बघितलं नसेल इतक्या विश्वासाने बघितलं.

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” मी म्हणाले, “की इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला असलंच कार्ड लागतं, आणि दुकानदार त्याला नुसतं गेमिंग नाव देतात? ते बाबांना सांगा ना. मला सांगता येणार नाही तुमच्यासारखं.”

“काका,” पुष्कराजने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, “गेमिंग हे नुसतं मार्केटिंग. आतून हे इंजिनिअरिंगचंच मशीन आहे. आमच्याकडे सगळे सीनियर लोक हेच वापरतात.”

त्या दिवशी तो जे बोलला त्यातलं तेवढं एक वाक्य बरंचसं खरं होतं.

बाबांनी तोडकरला थांबायची खूण केली. पण चष्मा अजून डोळ्यांवर होता. “आणि हे एकशेचव्वेचाळीस काय लिहिलंय?”

सगळ्यांनी पुष्कराजकडे बघितलं. मीही. खरं सांगायचं तर याचं उत्तर मी त्याच्या तोंडात घालायला विसरले होते.

“व्होल्टेज,” तो म्हणाला.

तोडकरने तोंड उघडलं.

“एकशेचव्वेचाळीसपर्यंत झेपतं त्याला,” पुष्कराज म्हणाला. “साध्या लॅपटॉपला साठच असतं.”

तोडकरने तोंड मिटलं. विकलं जातंय तर जाऊ दे, असा शहाणा विचार त्याने केला असावा. घरातल्या भिंतीतून दोनशे तीस येतात, हे आमच्या फ्रिजवाल्या वायरमनने झोपेतही सांगितलं असतं. पण आज माहितीतला माणूस दुसरा होता.

“बरंच झालं,” मी म्हणाले. “आपल्याकडे उन्हाळ्यात किती कमी-जास्त होतं.”

“तर काय!” बाबा म्हणाले. “फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तो त्यानंच. हाच द्या हो. व्होल्टेजला दणकट पाहिजे.”

असा माझा गेमिंग लॅपटॉप ठरला. तोडकर बिलाचं पुस्तक शोधायला लागला. मी काउंटरच्या कडेवर बोटं टेकवून उभी होते आणि आतून उड्या मारत होते. एका मूर्खाला पुढे घालून मी दुसऱ्या मूर्खाकडून माझ्याच पगारातलं माझं मशीन मिळवलं होतं. बारा दिवसांनी पात्रता फेरी. मी कप्तान. अशी घमेंड मला पुन्हा कधी आली नाही.

तेवढ्यात भालूमामा घसा खाकरून बाबांना म्हणाले, “पाटणकर, एक बोलू का? मी मघापासून मुलीकडंच बघतोय. आमच्या पुष्कराजचं बोलणं किती मन लावून ऐकतीय ओ. आत्तापर्यंत अकरा मुली बघितल्या, एकीनं त्याला धड बोलू दिलं नाही. आमच्याकडनं पसंती समजा.”

पुष्कराज लाजला. खरंच लाजला. “मला अशीच हवी होती,” तो म्हणाला, “समजून घेणारी.”

बाबांचे डोळे भरून आले. तोडकरने ड्रॉवरमधून गोळ्यांचा डबा काढून सगळ्यांपुढे धरला. माझं अभिनंदन मात्र कुणी केलं नाही. माझ्याबद्दलच चाललं असलं तरी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आईने तेवढं मला कोपराला धरून शाईच्या डब्यांच्या कपाटापाशी ओढलं.

“शिकलीस गं,” ती कुजबुजली.

“काय?”

“मला वाटायचं, तुला कधी जमायचंच नाही. फटकळ तुझं तोंड.” ती हसत होती. तिला इतकं खूश मी सौमित्रच्या बारावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. “तो तिकडं चंदेरीकडं निघालेला. तू त्याला गुपचूप इकडं आणलंस, आणि त्याला वाटतंय मीच आलो. अस्संच करायचं. पुढंही अस्संच. आता मला तुझी काळजी नाही.”

मला घाम फुटला. दुकानात एसी होता.

‘तुम्हीच म्हणाला होतात ना’ हे वाक्य आमच्या घरात आई दिवसातून चार वेळा म्हणायची. पडदे बदलायचे असले, मावशीकडे जायचं असलं, आमटीत गूळ कमी घालायचा असला, तरी ते आधी बाबाच म्हणालेले असायचे. बाबा फुगायचे आणि आईचं काम व्हायचं. पंधराव्या वर्षी मला हे कळलं आणि मला तिची शिसारी आली. तेव्हापासून तिने ते वाक्य उच्चारलं की मी तोंड फिरवून हसायचे. सौमित्रला तिची नक्कल करून दाखवायचे. मरेन, पण कुणा पुरुषाला असं लोणी लावणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आणि त्या दिवशी अर्ध्या तासात मी तेच केलं होतं, तिच्याच आवाजात, तशीच मान कलती करून. लॅपटॉपही त्यानेच मिळाला होता आणि नवराही त्यानेच मिळत होता.

“मला तुझ्यासारखं जगायचं नाही,” मी आईला म्हणाले. कुजबुजून नाही.

तिचं हसू तिथल्या तिथे विझलं. मी वळून काउंटरकडे गेले.

“मामा, थांबा,” मी म्हणाले. “हे मशीन सौमित्रसाठी नाही. माझ्यासाठी आहे. मी रोज दोन तास गेम खेळते. इतकी वर्षं ऑफिसचं काम म्हणून सांगत आले, ते खोटं.”

एवढ्यावर न थांबता मी पुढे बोलत राहिले.

“एकशेचव्वेचाळीस हे व्होल्टेज नव्हे. पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो त्याचा तो आकडा. पातळ मशीन तापतं हे यांनी गच्चीत सांगितलं नव्हतं. यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी बोलत होते आणि हे माझ्यामागून म्हणत होते. मी यांचं मन लावून ऐकत नव्हते, मामा. मी यांना वापरत होते. ही चूक माझी आहे, पण यावर पसंती देऊ नका.”

“मला माहीत होतं ते,” पुष्कराज म्हणाला. कान लाल झाले होते. “काकांना कळावं म्हणून मी सोपं करून सांगत होतो.”

“व्होल्टेज?” तोडकर म्हणाला. त्याला राहवलं नसावं.

“या वयात गेम खेळतीय,” भालूमामा बाबांना म्हणाले, “आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही.” मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवून ते त्याला बाहेर घेऊन गेले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आम्ही तिघं त्याच गाडीतून आलो होतो.

“बिल करू नका,” बाबा म्हणाले.

“बिल करा,” मी म्हणाले. “बाबा, माझं कार्ड द्या.”

एरवी त्यांनी ते दिलं नसतं. पण दोन नवी गिऱ्हाइकं दारात उभी राहून सगळं ऐकत होती, आणि लोकांसमोर मुलीशी झोंबाझोंबी करणं हेडक्लार्कला शोभत नाही. त्यांनी पाकीट उघडलं, कार्ड काउंटरवर टाकलं आणि माझ्याकडे न बघता चालते झाले. रस्ता ओलांडून ते एकटेच रिक्षात बसताना मला काचेतून दिसले.

तोडकरने कार्ड यंत्रात घातलं आणि यंत्र माझ्यापुढे ठेवलं. “पिन टाका, ताई.”

मी यंत्राकडे बघत राहिले. चार वर्षं माझा पगार त्या खात्यात येत होता, आणि त्या कार्डाचा पिन मला माहीत नव्हता. मी कधी विचारलाच नव्हता. एवढं भाषण ठोकून झाल्यावर मला हे आठवलं. गुवाहाटीपर्यंत हुकूम सोडणारी कप्तान चार आकड्यांपुढे अडली. दारातलं गिऱ्हाईक हसलं, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही हसले असते.

कपाटापासची आई चालत आली. तिने पदराने हात पुसला, यंत्र स्वतःकडे वळवलं आणि सावकाश चार बटणं दाबली. एक, नऊ, नऊ, आठ. सौमित्रचं जन्मसाल. पावती बाहेर आली.

“तुला कसा माहीत?” मी विचारलं.

“चल,” ती म्हणाली.

रिक्षात खोकं माझ्या मांडीवर होतं. (पुढे त्या पात्रता फेरीत आम्ही दुसऱ्याच सामन्यात बाहेर पडलो, ते असो.) विश्रामबाग मागे पडेपर्यंत आई बाहेर बघत होती. तिने पिन दाबला म्हणजे ती माझ्या बाजूने आली, असं मी समजून चालले होते. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

“बघितलंस?” मी म्हणाले. “सरळ बोललं की होतं. एवढी वर्षं तू उगाच त्यांच्या मागं मागं करत राहिलीस.”

“डिप्लोमाला तुला कुणी घातलं?” तिने विचारलं.

“बाबांनी.”

“बाबांनी बी.ए.चा फॉर्म आणला होता. भरूनसुद्धा ठेवला होता. पोरीला यंत्रं कशाला, वर्कशॉपात काय करणार, दोन वर्षांत उजवून टाकू, म्हणत होते.” ती अजूनही बाहेरच बघत होती. “तीन महिने मी तेच केलं, जे तू आज अर्धा तास केलंस. जेवताना, चहा देताना, त्यांचे पाय दाबताना. शेवटी एका सकाळी तेच म्हणाले, माझ्या डोक्यात एक विचार आलाय. मी म्हटलं, किती छान सुचलं तुम्हाला.”

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगेल कोण? बाबांना ते माहीतच नव्हतं.

“सरळ बोलून मीही बघितलं होतं,” आई म्हणाली. “लग्नानंतर एकदाच. मला नर्सिंगला जायचं होतं. ते नाही म्हणाले, आणि संपलं. तू आज ‘नाही’ ऐकलंस आणि स्वतःच्या पगाराचं कार्ड मागितलंस. मी काय मागणार होते?”

“आई, मी मघाशी जे बोलले...”

“तू मला हसायचीस ना? सौमित्रला नक्कल करून दाखवायचीस. स्वयंपाकघरातनं सगळं ऐकू यायचं मला.”

मी खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिले.

“हसू दे, म्हटलं,” ती म्हणाली. “मला हसण्याइतकी तरी शिकली.”

रिक्षा खड्ड्यांच्या रस्त्याला लागली. खोकं माझ्या मांडीवरून सारखं घसरत होतं. आईने थोडा वेळ ते बघितलं, मग ते ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.